सोवळ्यातली रसद

बिंदुमाधवरावांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळूरला आले होते. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस चामराजपेटेत सापडणं अवघड होतं, कारण राव ती दूधवाल्यालाही सांगत. फौजेबरोबर आले हे खरंच, पण कमरेला तलवार लटकावून नव्हे. फौजेच्या मागच्या बैलगाडीत, दौत मांडीवर सांभाळत आले. तेव्हापासून तीनशे वर्षांत घराण्यातल्या कोणी कलमाखेरीज दुसरं हत्यार हातात धरलं नव्हतं, आणि रावांनीही ती परंपरा मोडली नाही. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कागद चाळून ते सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले. दारावरच्या पाटीत ‘निवृत्त’ हा शब्द त्यांनी रंगाऱ्याकडून मुद्दाम बारीक काढून घेतला होता.

निवृत्त माणसाला दिवस खायला उठतो. सकाळचा पेपर, स्नानसंध्या आणि जेवण उरकलं की संध्याकाळपर्यंत रावांपुढे एकच काम उरायचं, ते म्हणजे बायकोच्या कामात चुका काढणं. पद्मावतीबाईंनी हे चार वर्षं सोसलं. १९६२च्या ऑक्टोबरात चिनी फौजा सरहद्द ओलांडून आल्या तेव्हा सगळा देश हबकला, पण रावांच्या अंगात मात्र वारं संचारलं. त्यांना दुःख झालं नाही असं कोणी म्हणू नये. रेडिओवर बातम्या ऐकताना त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. पण डोळे पुसून झाले की हात शिवशिवायला लागायचे, आणि त्या शिवशिवण्यावर रावांना एकच औषध माहीत होतं. त्यांनी समिती स्थापन केली.

‘चामराजपेट जवान साहाय्य मंडळ’ रावांच्या दिवाणखान्यात कॉफीच्या दुसऱ्या पेल्यावर जन्माला आलं. अध्यक्ष राव, चिटणीस राव. उपाध्यक्ष भीमाचार्य. ते पौरोहित्य करत आणि सतरंजीवर तीन माणसांची जागा एकटे अडवत. महिला विभाग कमलाक्कांकडे गेला. कमलाक्का म्हणजे रावांच्या चुलत्याची मुलगी; बालपणीच विधवा झालेली आणि सोवळ्याच्या बाबतीत अशी कडक, की त्या रस्त्याने निघाल्या की माणसं आपणहून भिंतीला चिकटायची. जवान नेमके कुठे लढताहेत हे मंडळाला कळायच्या आधी मंडळाचा रबरी शिक्का तयार होऊन आला होता.

पहिला ठराव स्वेटरांचा झाला. बंगळूरच्या बायकांना थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे अंगावर शाल घ्यावी, एवढीच ठाऊक. तरी त्या हिरिरीने विणायला बसल्या. शिवाजीनगरातून हिरव्या लोकरीचे गुंडे आले आणि मापाचा प्रश्न निघाला. जवान धिप्पाड असतो यावर सभेत एकमत झालं. पेटेतला सगळ्यांत धिप्पाड पुरुष म्हणून भीमाचार्यांना दिवाणखान्याच्या मधोमध उभं करून त्यांच्या छातीपोटाचं माप घेण्यात आलं. महिन्याभरात एकशे चाळीस स्वेटर तयार झाले. त्यातल्या कुठल्याही स्वेटरात भीमाचार्य नेमके बसत, आणि साधा जवान बसवायचा तर दोन लागले असते.

दुसरा ठराव फराळाचा. तो कमलाक्कांनी मांडला.

“तिथं बर्फात बिचारे काय बाय खात असतील अण्णा,” त्या रावांना म्हणाल्या. “स्वल्प आपल्या हातचं, सोवळ्यातलं पोटात जाऊ दे. ताकद त्यानंच येते.”

बेसनाचे लाडू, चटणीपुडी, मेतकूट आणि चिंचगुळाचं गोज्जू असं ठरलं. कांदा-लसूण वर्ज्य. देशासाठी लढणाऱ्या माणसाने तेवढा संयम पाळायला हरकत नाही, असं भीमाचार्यांनी तोंडातला लाडू गिळून सांगितलं. हे सगळं ओलेत्याने रांधायचं, सोवळ्यात डब्यात भरायचं आणि कोणाची सावली पडणार नाही अशा जागी ठेवायचं. पुढे लष्कराचा शिपाई तेच डबे उचलून ट्रकमध्ये भिरकावणार, तेव्हा सोवळ्याचं काय होणार, हा मुद्दा ठरावात आला नाही. लोकरीला विटाळ लागत नाही, त्यामुळे स्वेटर फराळाशेजारी रचावेत, असा निर्वाळा भीमाचार्यांनी शास्त्र बघून दिला. शास्त्रात गोज्जूच्या झाकणाबद्दल काही नसावं. पहिल्याच खेपेला चाळीस स्वेटर चिंचेच्या कोळात भिजले आणि ते तसेच वाळवून पाठवण्यात आले.

या सगळ्या धामधुमीत मंडळातल्या एकाही माणसाची कुठल्या जवानाशी ओळख नव्हती. रावांच्या अंगणाच्या टोकाला विहिरीशेजारी एक कौलारू खोली होती, तिच्यात ठकुबाई राहायची. ती रावांकडे आणि शेजारच्या दोन घरी भांडी घासायची. दहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर लेकाला घेऊन ती बेळगावकडून इथे आली होती. लेक कृष्णात शिवाजीनगरच्या एका गॅरेजात मोटार शिकला, फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला आणि आता लडाखच्या रस्त्यावर रसदेचा ट्रक चालवत होता. त्याची बायको यल्लव्वा सासूजवळ राहून उदबत्त्या वळायची. डिसेंबरात तिला सातवा महिना लागला. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं आणि तीही त्या वेळी मरता मरता वाचली होती. ‘फेब्रुवारीत माझी रजा आहे, बाळंतपणाला मी येतोच,’ असं कृष्णातने कळवलं होतं, आणि त्या एका ओळीवर दोघी बायका दिवस ढकलत होत्या.

ठकुबाईचा लेक म्हणजे आपला जवान, हे रावांच्या ध्यानात आलं ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तोवर ते तिला ‘ठकुबाई, कढईला काळं राहिलंय’ एवढंच सांगत आले होते. आता त्यांनी तिला दिवाणखान्यात बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं. ठकुबाई खुर्चीच्या शेजारी जमिनीवर बसली. रावांनी कृष्णातचा पत्ता घेतला, खास त्याच्या नावाचं पार्सल बांधायला लावलं आणि सोबत स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. इतर दोनशे जवानांना छापील पत्र गेलं होतं. कृष्णातचं पत्र लिहायला राव तीन दिवस बसले. त्यातला मुख्य मजकूर त्यांनी पद्मावतीबाईंना वाचून दाखवला.

“‘तू तिकडे देशाचं रक्षण कर. इकडे तुझी माता ती आमची भगिनी, तुझी पत्नी ती आमची कन्या. तिच्या बाळंतपणाची तिळमात्र चिंता करू नकोस. आम्ही आहोत.’ कसं वाटतं?”

“चांगलं आहे,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “तिला वरच्या कामाला पाण्याचे दोन हंडे लागतात. ते विहिरीतून ती स्वतःच ओढते. तेवढं कोणाला सांगता का?”

“आता पत्राचं बोलतोय मी,” राव म्हणाले, आणि त्यांनी पत्राला शिक्का मारला.

जानेवारीत दुसऱ्या खेपेची तयारी सुरू झाली आणि जागेचा पेच पडला. पहिली खेप दिवाणखान्यात ठेवली होती. तिथे येणारे-जाणारे, चपला, कॉफीचे पेले, आणि एकदा तर मेतकुटाच्या डब्यावर मांजर झोपलेलं सापडलं. कमलाक्कांनी हाय खाल्ली. फराळाला स्वतंत्र दार असलेली, विहिरीजवळची वेगळी खोली हवी, असं त्यांनी सभेत सांगितलं. सांगताना त्यांनी खिडकीतून अंगणाच्या टोकाकडे पाहिलं. राव म्हणाले, ती खोली तर जवानाच्याच घरच्यांची आहे.

“तेच म्हणते मी अण्णा,” कमलाक्का म्हणाल्या. “त्या पोरीचे दिवस भरत आलेत. आज ना उद्या तिथं बाळंतीण होणार. बाळंतिणीचा विटाळ एका अंगणात, एका विहिरीवर, आणि तिथंच आम्ही जवानांचा फराळ सोवळ्यात करायचा? कसा करायचा, सांगा तुम्हीच. सगळा बाटेल.”

भीमाचार्यांनी मान डोलावली. जवानांच्या मुखात विटाळाचं अन्न जाऊ देणं हा दोष कोणाच्या माथी बसेल हे सांगता येत नाही, असं ते म्हणाले. जवानाचं मूल जन्माला आल्याने जवानाचं अन्न बाटतं, हे वाक्य तिथे कोणी सरळ उच्चारलं असतं तर कदाचित कोणाला तरी हसू फुटलं असतं. पण कोणी ते तसं उच्चारलं नाही. ठराव क्रमांक सतरा असा लिहिला गेला की ‘मागील खोली दोन महिन्यांपुरती राष्ट्रकार्यासाठी घेण्यात यावी.’ रावांना तो लिहिताना किंचित अडखळल्यासारखं झालं. म्हणून त्यांनी ‘तात्पुरती’ हा शब्द वर घातला आणि त्यांचं मन शांत झालं.

ठकुबाईला सांगायचं काम अध्यक्षांकडेच आलं. ती विहिरीवर पातेली घासत होती. राव दोन पावलं लांब उभे राहिले.

“ठकुबाई, दोनच महिने. खोली स्वल्प लागतेय. जवानांचं सामान ठेवायचंय.”

ठकुबाईचा हात थांबला. “कुठल्या जवानांचं, अण्णा?”

“आपल्या. सगळ्या जवानांचं.”

तिने थोडा विचार केला. “म्हंजे किस्नाचंबी आलंच की त्यात.”

“आलंच. त्याचं तर आधी.”

“आणि येल्ली? तिला आता नववा लागंल.”

“तुझी बहीण आहे ना शिवाजीनगरला? माणसांत राहील, बरंच आहे. आणि कृष्णातला मी कळवतो सगळं. तू त्याची काळजी करू नकोस.”

ठकुबाईने पातेलं पालथं घातलं. “सरी, बरं,” ती म्हणाली. “त्याच्यासाठीच म्हणताय तर हलतो आमी.”

खरं सांगायचं तर तिने थोडं भांडायला हवं होतं. पण अण्णांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं होतं आणि लेकाला पार्सल धाडलं होतं. असल्या माणसाच्या शब्दाबाहेर जाणं तिच्या मनाला पटेना. दुसऱ्या दिवशी दोघींनी दोन ट्रंका आणि उदबत्तीच्या काड्यांचे भारे उचलले. नववा महिना लागायच्या बेतात असलेली यल्लव्वा एक हात कमरेवर ठेवून बसच्या थांब्यापर्यंत चालत गेली. पद्मावतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पण राव त्या वेळी खोलीला कुलूप कुठलं घालावं याच्या विचारात होते.

मग खोली शुद्ध करण्यात आली. आधी चुना, मग शेण, मग भीमाचार्यांनी मंत्र म्हणत पंचगव्य शिंपडलं. रसदेचा ट्रक चालवणाऱ्या माणसाच्या खोलीतून त्याच्या चुलीची राख खरवडून काढली आणि तिथे त्याच्यासाठी केलेले लाडू मांडले. कमलाक्कांनी दाराबाहेर रांगोळी काढली. कृष्णातला पत्र लिहायचं मात्र राहून गेलं. रावांनी तीनदा मसुदा केला. ‘राष्ट्रहितार्थ’ इथपर्यंत तो छान जमायचा, पुढे कलम अडायचं. शेवटी तो कागद त्यांनी टेबलावरच्या ‘विचाराधीन’ लिहिलेल्या फायलीत ठेवला. त्या फायलीतून परत बाहेर आलेला कागद पद्मावतीबाईंनी अजून पाहिला नव्हता.

शिवाजीनगरला ठकुबाईची बहीण एका पत्र्याच्या वर्कशॉपमागे एकाच खोलीत राहायची. तिथे दिवसभर घणाचे घाव चालत. ठकुबाई रोज सकाळी बसने चामराजपेटेला भांड्यांना येई आणि दुपारी परत जाई. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा तिचे डोळे तारवटलेले होते.

“ल्योक झाला, अक्का,” तिने पद्मावतीबाईंना सांगितलं. “दोन दिस लागले. येल्लीला ताप हाय. उतरतो, परत चढतो.”

“कृष्णातला कळवलंस?”

“येणारच हाय की आता तो. आठ दिसांत येतोय. आल्यावर बघू दे स्वतःच.”

पद्मावतीबाईंनी तिच्याबरोबर डिंकाचे लाडू आणि साजूक तुपाची बरणी दिली. हे त्यांनी कुठल्याही ठरावाशिवाय केलं. रावांना त्यांनी ताप आहे एवढं सांगितलं. राव ‘अरेरे’ म्हणाले. त्यांना अगदी मनापासून वाईट वाटलं, पण दहा दिवसांवर मंडळाची जाहीर सभा आली होती आणि व्यासपीठावर खुर्च्या किती मांडायच्या हे अजून ठरलं नव्हतं.

सभेच्या आदल्याच दिवशी कृष्णातचं पत्र आलं. पाकिटावर बिंदुमाधवरावांचं नाव होतं. राव लहान मुलासारखे हरखले. पाकीट घरी फोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. रणभूमीवरून आलेलं पत्र हजार लोकांसमोर फोडलं तर त्याचा परिणाम काही वेगळाच. खरं तर सभेला दीडशे माणसं आली, त्यातली निम्मी कमलाक्कांच्या धाकाने. ठकुबाईला व्यासपीठावर ‘वीरमाता’ म्हणून बसवलं होतं. तिच्या खांद्यावर शाल घातली गेली आणि भीमाचार्यांनी नारळ दिला. ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती, लेकाच्या पत्राकडे डोळे लावून. तिला वाचता येत नव्हतं.

रावांनी चिमट्यात धरून पाकीट उंच दाखवलं, चाकूने फोडलं आणि वाचायला सुरुवात केली.

“‘तीर्थरूप अण्णांस कृष्णातचा साष्टांग नमस्कार. पार्सल पोचलं. स्वेटर मिळाला...’” इथे राव क्षणभर थांबले, “‘...अगदी मापात आहे. लाडू उत्तम होते. सगळ्या पलटणीला आवडले.’”

टाळ्या पडल्या. कमलाक्कांनी पदर डोळ्यांना लावला. राव पुढच्या ओळींवर आले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. पण बत्तीस वर्षांची नोकरी अशा वेळी माणसाला दगा देत नाही. वरिष्ठांना कागद वाचून दाखवताना अडचणीची ओळ नजरेने ओलांडून खालच्या ओळीवर सफाईने उतरायचं, ही कला रावांना जितकी साधली होती तितकी कचेरीत कोणालाच साधली नव्हती. ते उतरले. “‘तुमचं पत्र वाचून मला फार धीर आला. मंडळातल्या सर्वांना माझा नमस्कार. जय हिंद.’”

पुन्हा टाळ्या पडल्या. रावांनी पत्र घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातलं. ठकुबाई खुर्चीतून अर्धवट उठली.

“येल्लीचं नाव न्हाई घेतलं त्यानं?” तिने विचारलं. ध्वनिक्षेपक समोरच होता, त्यामुळे प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला. “तिचं नाव घेतल्याबिगर कागद लिवत न्हाई तो. आणि कवा येतोय, ते?”

“ते घरगुती आहे, ठकुबाई. घरी सांगतो,” राव म्हणाले, आणि त्यांनी घाईने राष्ट्रगीताची खूण केली.

सभा उन्हं कलायच्या आत आटोपली. राव घरी येऊन कोट काढतात तोच मागच्या दारी ठकुबाई उभी होती. अंगावर शाल तशीच होती, नारळ हातात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पद्मावतीबाई. सभेत त्या बायकांच्या रांगेत बसल्या होत्या आणि नवऱ्याची वाचायची पद्धत त्यांना ठाऊक होती.

“आता सगळा वाचा, अण्णा,” ठकुबाई म्हणाली.

“वाचला की. तेवढंच...”

“द्या इकडे,” पद्मावतीबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला. रावांनी थोडा वेळ त्या हाताकडे पाहिलं आणि मग पत्र काढून दिलं. पद्मावतीबाईंनी ते सावकाश, एकेक शब्द, वाचलं.

“‘स्वेटर मिळाला. थोडा मोठा आहे, मी आणि मानसिंग दोघं मिळून पांघरतो. लाडूंचा भुगा झाला होता, आम्ही चमच्याने खाल्ला. अण्णा, सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुमचं पत्र. यल्लव्वा तुमची कन्या आहे असं तुम्ही लिहिलंत. मागच्या वेळेला ती मरता मरता वाचली, तेव्हापासून माझ्या पोटात भीती होती. तुमचं पत्र आलं त्या रात्री मला इथे पहिल्यांदा गाढ झोप लागली. माझी रजा फेब्रुवारीत होती. मानसिंगची आई अंथरुणाला खिळली आहे आणि त्याच्या घरी बघणारं कोणी नाही. माझ्या घरी तुम्ही आहात. म्हणून मेजरसाहेबांना विचारून माझी रजा मी त्याला दिली. माझी पाळी आता जूननंतर. यल्लव्वाचं बाळंतपण तुमच्या अंगणात होणार, मग मला कसली काळजी? आईला नीट समजावून सांगा, ती रडेल.’”

ठकुबाई रडली नाही. ती उंबऱ्याशी खाली बसली आणि नारळ बाजूला ठेवला.

राव खोलीभर फिरू लागले. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो खोटा उतरला नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. “मी आत्ता तार करतो,” ते म्हणाले. “मेजरलाच करतो. रजा परत मागतो. खोली रिकामी करतो, आजच्या आज.”

“खोलीचं काय आता,” ठकुबाई म्हणाली. “येल्लीला उठवत न्हाई. बसमधनं कशी आणू?”

“उद्या सकाळी मी डॉक्टरांना घेऊन तिकडे येते,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “तू नको येऊस भांड्यांना.”

“या, अक्का.” मग ती रावांकडे वळली. “तार नगं. तार बघून त्याच्या पोटात गोळा येईल. माणूस मेल्याबिगर आमच्यात तार येत न्हाई. कागद घ्या तुमी. आणि मी सांगतो तसं लिवा.”

राव टेबलाशी बसले. मंडळाचं छापील नाव असलेला कागद त्यांनी बाजूला सारला आणि साधा घेतला.

“लिवा. किस्ना, तुला ल्योक झाला. बाळ-बाळंतीण खुशाल हाईत.”

रावांनी लिहिलं.

“ताप?” त्यांनी विचारलं.

“तापाचं काय लिवू नगा. पुढं लिवा. येल्ली आपल्याच खोलीत हाय. अक्कानं बाळंतपण केलं. अण्णानं डाक्टर घरला आणला. शेकशेगडीला काय कमी पडू दिलं न्हाई. पाण्याचा हंडासुदीक उचलू दिला न्हाई तिला.”

रावांचं कलम थांबलं. बत्तीस वर्षांत त्यांनी कितीतरी गोष्टी लिहायच्या गाळल्या होत्या, पण न घडलेली गोष्ट घडली म्हणून आपल्या अक्षरात कधी उतरवली नव्हती. “ठकुबाई,” ते हळूच म्हणाले, “हे असं काही झालेलं नाही.”

“ते मला ठावं हाय की,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रावांना तो असता तर बरं वाटलं असतं.

त्यांनी लिहिलं. तिने दोन ओळी सांगितल्या की ते लिहायचे आणि मान वर न करता पुढच्या ओळींची वाट बघायचे. मंडळाने फार केलं. सगळी पेट विचारपूस करून जाते. रजा मित्राला दिलीस ते बरं केलंस, इथे तुझ्यावाचून काही अडलं नाही. पद्मावतीबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. ओळीमागून ओळ उतरत होती आणि पत्रातले बिंदुमाधवराव मोठे होत चालले होते. एखाद्या जवानाच्या आईने आपल्याबद्दल असं काही सांगावं, ते कागदावर यावं, यासाठी त्यांनी तीन महिने जिवाचं रान केलं होतं.

“आता शेवटचं लिवा,” ठकुबाई म्हणाली. “अण्णा देवमाणूस हाय. तो असंपतोर तू घरची चिंता करू नगंस.”

रावांनी कलम खाली ठेवलं. “हे एवढं नको,” ते म्हणाले. “हे मला लिहवणार नाही, ठकुबाई. बाकीचं लिहिलं मी.”

“तुमच्यासाठी न्हाई सांगत मी, अण्णा,” ठकुबाई म्हणाली. “त्याला तिकडं बर्फात गाडी चालवायची हाय. कडंला दरी असत्या म्हणं. झोप लागाय पायजे त्याला.”

रावांनी कलम उचललं आणि ते वाक्य लिहिलं.